पाठमोरा वाटा

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात नीराबाईशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून यावं लागे. बंदरावर मासळीचा लिलाव लागला आणि तिचा आवाज कानी आला नाही, तर अलिबागचे व्यापारी एकमेकांना विचारत, "बाई आजारी हाय काय?" अंगानं काटकुळी, लुगडं गुडघ्याशी कसलेलं, आणि जिभेला हाड नाही. पण खोटं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. शिळी मासळी ती शिळी म्हणूनच विकायची. बायका तिला शिव्या घालत आणि तिच्याच टोपलीपाशी येऊन बसत.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचा नवरा विठोबा पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेला. सकाळी अंगणात जाळं सांधत बसला होता. दुपारी उलट्या-जुलाब लागले आणि दिवेलागणीला खेळ आटोपला. जुलाब लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही असं सगळा वाडा सांगत होता, म्हणून नीराबाईनं दिलं नाही. तो शुद्ध जाईपर्यंत पाणी मागत राहिला. पुढे एका डॉक्टरानं तिला सांगितलं की अशा वेळी पाणीच द्यायला हवं होतं. ते ऐकून आल्यावर ती घरात जाऊन बसली आणि त्या दिवशी लिलावाला गेली नाही.

पदरात एकच मुलगा, कान्हा. त्याला वाढवलं, होडीवर घातलं, कोर्लईची केसर सून करून आणली. केसर मऊ मनाची. सासूच्या तोंडापुढे ती बोलत नसे, पण सासूचा जीव तिच्यावर होता आणि ते लपवायला नीराबाई तिला दिवसभर टाकून बोलायची. मग नात झाली, तुळशी. तुळशीला टाकून बोलणं मात्र नीराबाईला कधी जमलं नाही. पोर दीड वर्षाची असताना तापात तिला आकडी आली, डोळे फिरले, दातखीळ बसली. पोर वाचली, पण त्या दिवसापासून तिचं अंग जरा कोमट लागलं तरी आजी रात्रभर उशाशी बसून राहायची.

तुळशी पाच वर्षांची असताना मुंबईहून सरकारच्या संशोधन खात्याचं पथक आलं. प्रमुख होते डॉक्टर दिनानाथ गुप्ते. सडसडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, बोलताना समोरच्याची माफी मागत असल्यासारखा माणूस. शाळेच्या ओट्यावर त्यांनी वाडा जमवला आणि सांगितलं, पटकीची लस खरोखर किती राखते ते बघायचं आहे. दोन तऱ्हेच्या बाटल्या आहेत, एकीवर पिवळी पट्टी, दुसरीवर हिरवी. एकीत पटकीची लस आहे, दुसरीत वेगळ्याच रोगाची. कुठलीत कुठली, ते मुंबईत बंद लखोट्यात आहे.

"म्हंजे तुमाला ठाव हाय ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. मलाही नाही."

यावर जो हशा पिकला, तो खाडीपलीकडे कोर्लईला ऐकू गेला असेल. डॉक्टर असून सुईत काय आहे ते ठाऊक नाही! माणसं उठून चालू लागली. गुप्ते चष्मा सावरत उभे राहिले. विठोबाची आठवण झाली म्हणा, की त्या माणसाची कीव आली म्हणा, नीराबाई उठली.

"बसा खाली! होडीवर वाटे कसं घालता रं तुमी?" ती गरजली. "म्हावऱ्याचं ढीग मांडल्यावर एकजन पाठ करून हुबा ऱ्हातो का न्हाय? दुसरा ढिगावर बोट ठेवून इचारतो, ह्यो कुनाचा? पाठमोरा नाव घेतो. का? बघितलं तर त्यो आपल्या भावाला पापलेट देल नि तुमाला बोंबील! डाक्तर पाठ करून हुबा हाय. लबाडी नको म्हनून. कललं?"

कळलं. सगळ्यांना एका क्षणात कळलं. गुप्ते तर बघतच राहिले. पुढे मुंबईच्या बैठकीत त्यांनी हा दाखला दिला म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नीराबाईला शाळेच्या दाराशी बसवलं. पुढ्यात फडक्यानं झाकलेली टोपली, टोपलीत पत्र्याचे बिल्ले, पिवळे आणि हिरवे. आलेल्यानं न बघता हात घालायचा, येईल तो बिल्ला घेऊन आत जायचं, त्या रंगाची सुई घ्यायची. आलटापालट नाही. नीराबाईच्या हाताखाली आलटापालट करायची छातीही कुणाची नव्हती.

पण कोळीवाड्याला डोळे आहेत. पिवळ्यावाल्यांचे दंड सुजले. ताप भरला, काहींना दोन दिवस होडीवर जाता आलं नाही. हिरव्यावाले टुणटुणीत. मग काय, वाडाभर झालं: पिवळं विखारी, हिरवं गरीब. गुप्त्यांनी जीव तोडून सांगितलं, की ताप आला म्हणून लस वाईट होत नाही. अंगाला रोगाची ओळख करून घ्यायला थोडी झटापट करावी लागते, म्हणजे पुढे खरा रोग आला की अंग त्याला ओळखतं. नीराबाईनं हे नीट ऐकलं होतं. चार बायकांना समजावूनही सांगितलं होतं. सगळ्यात वाईट गोष्ट तीच.

शेजारची रंगू आपल्या नामाला घेऊन आली आणि कानाशी लागली, "काकी, माझ्या पोराला हिरवा दे ना गं." नीराबाईनं तिला भर रांगेत फाडून खाल्लं. "तुझं पोर मोठं आणि बाकीच्यांची काय उकिरड्यावर सापडली? घाल हात!" नामाच्या हाताला पिवळा लागला. तो तीन दिवस तापानं फणफणला आणि रंगूनं नीराबाईच्या दारात उभं राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नीराबाई वरमली नाही. आपण बरोबर आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि ती होतीही.

मग केसर तुळशीला घेऊन आली. घरी आदल्या दिवशीच तिनं विषय काढला होता. "आय, तिला आकडी येते तापात. तेवढं हिरवं..." नीराबाई तिच्यावर खेकसली होती, "माझ्या टोपलीत घरचा-दारचा न्हाय." रात्रीच्या जेवणाला केसरनं आपलं ताट वाढून घेतलं नाही, एकवीरेच्या तसबिरीसमोर हात जोडून बसून राहिली.

तुळशीनं टोपलीत हात घातला. मूठ वर आली. आजीनं ती उघडली.

पिवळा.

केसर दोन पावलं मागे होती, तिला दिसलं नाही. तुळशी आजीकडे बघून हसत होती, काहीतरी जिंकल्यासारखी. नीराबाईच्या डोळ्यांपुढे ती दीड वर्षाची पोर आली, फिरलेले डोळे, घट्ट मिटलेले दात. तिनं फडकं सारखं करायचं निमित्त केलं. पिवळा आत गेला, हिरवा बाहेर आला. एवढंच. माशाच्या पोटात बर्फ भरून त्याचं वजन वाढवणाऱ्याला तिनं बंदरावर उभा सोलला असता, आणि तिच्याच हातांनी हे इतकं सहज केलं की हातांनाही कळलं नाही.

"हिरवा," ती म्हणाली.

केसरला रडू फुटलं. "एकवीरा पावली!" ती म्हणाली आणि पोरीला उचलून आत गेली. तुळशीला ताप आला नाही. दंडही सुजला नाही. पोर दुसऱ्या दिवशी पुळणीवर खेळत होती आणि नीराबाईला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि पटकी आली. पहिल्यासारखी घरंच्या घरं नाही गेली, पण आली. नामा आणि तुळशी एकाच विहिरीचं पाणी पीत होते. नामाला काही झालं नाही. तुळशीला सकाळी पहिली उलटी झाली, तेव्हा नीराबाई बंदरावर होती. टोपली तिथंच टाकून ती धावली. या वेळी तिनं कुणाचं ऐकलं नाही, वाटीवाटीनं मिठाचं पाणी पाजत राहिली. पोर पीत होती आणि प्यालेलं तसंच बाहेर पडत होतं. गुप्त्यांच्या माणसांनी अलिबागला सलाईनची सोय केली होती. कान्हानं कुणाची तरी मोटार आणली. तुळशी आजीच्या मांडीवर होती. चौलच्या नारळाच्या वाड्या लागल्या, तेव्हा तिनं विचारलं, "आजी, नारल हायत?" नीराबाई म्हणाली, "हायत गो बाय, येताना देते." नागाव यायच्या आधीच पोर गेली. मोटार तिथून मागे फिरवली.

वर्षभरानं गुप्ते परत आले. लखोटा उघडला होता. शाळेच्या ओट्यावर पुन्हा वाडा जमला आणि त्यांनी आपल्या त्या माफी मागणाऱ्या आवाजात सांगितलं, की पटकीची लस पिवळ्या बाटलीत होती. हिरवीत धनुर्वाताची. हिरव्यावाल्यांत जितके आजारी पडले, त्याच्या निम्मेच पिवळ्यावाल्यांत पडले. आता उरलेल्या सगळ्यांना पटकीची लस मिळेल. कुणाचा बिल्ला चुकून बदलला गेला असेल तर सांगा, कुणाला बोल लागणार नाही.

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. रंगूनं नामाला जवळ ओढलं, आणि नीराबाईकडे बघून तिचे डोळे भरून आले. ती कृतज्ञता होती. नीराबाईला वाटलं, हिनं त्या दिवसासारख्या शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे पांगल्यावर ती गुप्त्यांपाशी गेली आणि झालं ते सांगून टाकलं. मग तिनं विचारलं.

"पिवली सुई देली असती, तर वाचली असती काय?"

"सांगता येत नाही, नीराबाई. पिवळ्यातलेही काही गेले. लस निम्म्यांनाच राखते."

"मंग माझी नात काय, निम्मी वाचली असती?"

गुप्त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "आणखी एक आहे," ते म्हणाले. "तिला आता गणतीतून काढावं लागेल. बिल्ला बदलला गेला, म्हणजे तिच्यावरून काहीच सिद्ध करता येत नाही."

"हिरव्यात न्हाय?"

"नाही."

"पिवल्यात बी न्हाय?"

"कशातच नाही."

विठोबाला पाणी द्यायला हवं होतं हे कळलं, तेव्हा तिनं मनाशी म्हटलं होतं, की त्याच्या मरणानं निदान पाण्याचं शहाणपण तरी आलं. नातीच्या मरणानं तेवढंही कुणाला आलं नाही. ती घरी चालत निघाली तेव्हा समोरून येणाऱ्या बायकांनी तिला हाका मारल्या, तिनं एकीलाही ओ दिली नाही.

घरात केसर तसबिरीसमोर बसली होती. तिला सातवा महिना चालू होता. सभेतून आल्यापासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कान्हा समजावून समजावून थकला होता.

"मीच मागितलं हिरवं," ती म्हणाली. "पदर पसरून मागितलं. एकवीरा आईनं आइकलं माझं. माझ्याच तोंडानं मी माझी पोर घालवली."

नीराबाई गप्प राहिली असती तर चाललं असतं. देवीच्या माथी मारून प्रकरण मिटलं असतं. माणसं देवीला फार काळ दोष देत नाहीत. पण समोर बसलेली पोरगी दोन जिवांची होती आणि पाणीसुद्धा घेत नव्हती. नीराबाई तिच्या पुढ्यात बसली.

"देवीनं तुझं काय बी आइकलं न्हाय. तुलशीच्या हातात पिवलाच आलता. देवीनं पिवलाच देलता तिला. मी बदलला."

केसर रडायची थांबली. कान्हा दारातून निघून गेला, पायऱ्या उतरून सरळ होड्यांकडे.

"मी येडी व्हते," केसर अखेर म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी आई, मी मागनारच. तुमी मना न्हाय बोललात ना, आय? मना किती राग आलता तवा. मंग त्या न्हायवर का न्हाय ऱ्हायलात?"

जिचं तोंड उभ्या बंदराला कधी बंद करता आलं नाही ती नीराबाई खाली मान घालून बसली. केसर उठली, चूल पेटवली, पेज केली आणि प्याली. सासूलाही वाढली.

केसर घर सोडून गेली नाही. सासूला उलटूनही कधी बोलली नाही. दुखणंखुपणं काढलं, तेल लावलं, सगळं रीतीनं केलं. मुलगा झाला, त्याचं नाव सदा ठेवलं. तो वर्षाचा झाला तेव्हा शाळेत पुन्हा लस टोचायला माणसं आली. नीराबाई सोबत गेली. लिलाव तिनं सोडला होता आणि आवाजही खाली आला होता. सुईवाल्यानं पोराला नीट धरायला सांगितलं, तसे नीराबाईनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

केसरनं सदाला उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुमी नको, आय," ती मऊपणानं म्हणाली. "मीच धरते."