बनुआत्या आणि कळकलेला रस

इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव. गावात साठ-सत्तर ख्रिस्ती घरं आणि कौलारू छपराचं एक दगडी चर्च. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला तिथं प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन माणसं प्रभूचं मरण आठवतात. कुणाशी बिनसलं असेल तर ते आदल्या दिवशी जाऊन मिटवायचं, नाहीतर प्याल्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा जुना दंडक. माझ्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी सासू सुनेकडं, भाऊ भावाकडं अशी आमच्या गल्लीत नुसती ये-जा चालायची. काही नग तर जुनं मिटवायला जाऊन नवं भांडण घेऊन परत यायचे.

हा रस गेली पन्नास वर्षं बनुआत्या करत आली. बनुआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. मूल नाही, बाळ नाही. घरात आईचं राज्य होतं आणि चर्चच्या मागच्या स्वयंपाकखोलीत आत्याचं.

तासगावचे बेदाणे यायचे. शुक्रवारी ते भिजत घालायचे आणि शनिवारी शिजवून, कुस्करून पांढऱ्या पंच्यातून गाळायचे. त्याआधी देठ काढायला आम्ही पोरीसोरी. आत्या एक अट घालायची, देठ काढताना भजन म्हणायचं, थांबायचं नाही. आम्हाला वाटायचं, केवढी ही भक्ती! मोठी झाल्यावर कळलं की गाणाऱ्या तोंडाला बेदाणे खाता येत नाहीत म्हणून ती युक्ती होती. मग शेवटी गाळून राहिलेला चोथा गुळाचा खडा घालून ती आम्हाला द्यायची. आता मी मिरजेत नर्स आहे, बाजारात काय मिळत नाही? पण त्या चोथ्याची सर कशाला नाही. त्या खोलीतला तो उबट गोड वास, चुलीपुढं घामाघूम झालेली आत्या आणि आमचे बेसूर गळे आठवले की आजही मला तिथं जाऊन बसावंसं वाटतं.

रविवारी इवल्या काचेच्या प्याल्यांचा ट्रे रांगेतून फिरायचा. बनुआत्यापाशी आला की ती तो तसाच पुढं द्यायची. स्वतः कधी प्याला उचलला नाही. आम्ही जन्मापासून हेच बघत आलो, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट बायका म्हणायच्या, "बनुबाईची सेवाच मोठी. स्वतः चाखत बी न्हाई!" मीसुद्धा शाळेत निबंधात हे लिहून बक्षीस मिळवलं आहे. आता ते आठवलं की कान गरम होतात.

यंदा ईस्टरच्या आधी चर्चच्या नवीन पाळकसाहेबांनी जाहीर केलं की ईस्टरच्या उपासनेत बनुबाईंचा पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल सत्कार करायचा. शाल द्यायची, दोन शब्द बोलायचे. पाळकसाहेब तरुण आणि उत्साही, त्यांनी माझ्याकडून आत्याचा फोटोही मागवून घेतला. मी सुट्टी काढून गावी आले तर आत्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेली. जेवण सोडलेलं.

मी म्हटलं, "अगं, शाल देणारेत, सुळावर नाही चढवणारेत."

ती म्हणाली, "सोनिया, मला मलकापूरला ने. रंगुकडं."

कोण रंगु? मी हे नाव घरात कधी ऐकलेलं नव्हतं. आईनं मात्र भाजी चिरता चिरता मान वर केली आणि लगेच खाली घातली. त्या एका मानेवरून मला कळलं की इथं काहीतरी मुरलेलं आहे.

मग आत्यानं सांगितलं ते असं.

अडतीस वर्षांपूर्वीचा ईस्टर. त्याच दिवशी माझा बाप्तिस्मा होता आणि वडिलांनी साऱ्या मंडळीला मटणाचं जेवण सांगितलं होतं. चर्चची दोन पितळी पातेली होती, अगदी सारखी. एक रसाचं, त्याला आतून कल्हई केलेली. दुसरं पाण्याचं, त्याला कल्हई नव्हती. भांड्यांचं काम रंगुबाईकडं. ती आत्याची जिवाची मैत्रीण, तिच्या घरातून बाप्तिस्मा घेतलेली ती पहिलीच. दर ईस्टरच्या आधी कल्हईवाल्यापुढं बसून ती रसाचं पातेलं आरशासारखं करून घ्यायची. त्याही वर्षी तिनं ते तसं करून आत्याच्या हातात दिलं.

शनिवारी सकाळी वडील आत्याकडं आले. मटणाला भांडं कमी पडतंय, तासाभरात परत आणून देतो म्हणाले. भावाला नाही कसं म्हणायचं? आत्यानं पातेलं दिलं. तासाभराची संध्याकाळ झाली तरी पातेलं आलं नाही. तेव्हा आत्यानं रस पाण्याच्या पातेल्यात ओतला आणि रात्रभर तसाच ठेवला. आंबट रस, बिनकल्हईचं पितळ. कळकणार नाही तर काय होणार? ज्यानं कधी पितळेत ताक ठेवलं आहे त्याला हे सांगायला नको.

ईस्टरच्या दुपारी अर्धी मंडळी ओकत होती. एका म्हाताऱ्याला इस्लामपूरला नेऊन सलाईन लावावं लागलं. सुदैवानं सगळे वाचले. माझ्या बाप्तिस्म्याचं मटण गावातल्या कुत्र्यांनी खाल्लं आणि तोवर वडिलांनी रसाचं पातेलं घासून गुपचूप चर्चच्या कपाटात नेऊन ठेवलं.

सोमवारी चर्चचे पंच बसले. बनुबाई, रस कशात ठेवला होता? आत्यानं पाण्याचं पातेलं दाखवलं आणि म्हणाली, "रंगुनं ह्येच दिलं. कल्हई केलीया म्हणाली. म्या इस्वास ठेवला."

रंगुबाई ओरडली, "आवं, कल्हईचं भांडं म्या हिच्या हातात दिलंय!" पंचांनी कपाट उघडलं. कल्हईचं पातेलं आत चकचकत बसलं होतं. दिलं असतं तर ते इथं कसं? रंगुबाई आत्याकडं बघत राहिली. कालची आलेली बाई, हिला कसलं पावित्र्य कळतंय, असंही कुणीतरी बोललं. तिचं काम काढून घेतलं आणि सहा महिने तिला प्रभुभोजनातून बंद केलं. सहा महिने झाले, सहा वर्षं झाली, रंगुबाई परत आली नाही. पुढं मुलाला कराडला नोकरी लागली आणि ते सगळे शेजारच्या मलकापूरला राहायला गेले.

"का बोललीस असं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"माझ्यापाशी दुसरं काय हुतं गं? ना घर, ना पोर. ती खोली तेवढी हुती. ती गेली असती तर मी कोण?" आत्या म्हणाली. "आनि दादाचं नाव निघालं असतं. पर ते खरं कारण न्हाई. खरं कारण म्हंजे मी भ्याले. तवापासनं प्याला उचलाय हात हुईना. प्रार्थनेला बसते, शब्द म्हनते, सगळं पाठ हाय. पर भिंतीशी बोलल्यागत वाटतं. आदी वाटायचं देव रुसलाय. देव कुठला रुसतोय? मीच त्येच्याकडं पाठ करून बसले. आता त्ये शाल घालनार माझ्या अंगावर. कशाची शाल?"

मी आईकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई पुटपुटली. "तुझे बाबा पण गेले आता. कशाला उकरायचं?"

मला आईचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या निबंधाचा आला. माझ्या नावानं शिजलेल्या मटणापायी एक बाई देवाच्या घरातून बाहेर पडली होती आणि मी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. रागाच्या भरात मी आत्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. रात्री जेवताना ती माझ्या ताटाकडं बघत नुसती बसून राहिली, तेव्हा मी म्हटलं, "उद्या सकाळच्या एसटीनं जाऊ."

मलकापुरात रंगुबाईचं घर शोधायला त्रास झाला नाही. दार तिच्या सुनेनं, मायानं उघडलं. रंगुबाई खाटेवर बसून शेंगा फोडत होती. दोन्ही गुडघे गेलेले, नजर मात्र लख्ख. आत्याला बघून तिचे हात थांबले. मग पुन्हा शेंगा फोडायला लागली.

आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. "रंगु, पातेलं म्या दादाला दिलं हुतं. खोटं बोलले मी."

"म्हाईत हाय," रंगुबाई म्हणाली. "भांडं म्या दिलं हुतं, मला म्हाईत नसंल व्हय? पातेल्याच्या तळाला रश्श्याचा वास येत हुता. कपाट उघडल्याबरोबर आला मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते. पर तुझ्याकडं बघितलं. वाटलं, आता बोलंल, मग बोलंल. तू खाली बघत बसलीस." रंगुबाईनं शेंगांची टरफलं झटकली. "बनु, मला कामावरनं काढलं त्येचं काय न्हाई. पर त्येच्यासंगं तुमी देव बी माझ्याकडनं काढून घेतलासा. कुठल्या चर्चात जाऊन बसू, सांग? सगळीकडं तू दिसायचीस."

आत्या पाय धरायला वाकली. रंगुबाईनं पाय मागं घेतले.

"हितं माफी मागून काय उपेग? खोटं सगळ्यांम्होरं बोललीस. खरं बी तितंच बोल. मग ये माझ्याकडं."

मायानं चहा आणला. आत्यानं तो घेतला नाही.

ईस्टरला चर्च भरलं होतं. उपासनेत पापांगीकाराची, म्हणजे पापं कबूल करायची वेळ आली. सगळ्यांनी मिळून ठरलेले शब्द म्हणायचे असतात, आम्ही ते पाढ्यासारखे म्हणतो. शब्द संपले आणि सगळे बसायला लागले तेव्हा आत्या उभीच राहिली. पाळकसाहेबांना वाटलं, म्हातारीला बसायला त्रास होतोय. त्यांनी मला खूण केली. मी जागची हलले नाही.

आत्यानं सगळं सांगितलं. पातेली, मटण, कपाट, पंच. बाबांचं नाव आलं तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला. शेवटी आत्या म्हणाली, "तुमी म्हनता मी सेवा करते म्हनून चाखत न्हाई. तसं न्हाई. माझा हात हुत न्हाई. शाल नगं मला."

शालीचं खोकं टेबलावर तसंच पडलेलं. मग मागच्या बाकावरून तात्याबा काठी टेकत उठले. त्या वेळच्या पंचांपैकी ते एकटे उरलेत.

"निवाडा म्या दिला हुता," ते म्हणाले. "रंगुला नीट इचारलं बी न्हाई आमी. ह्यो दोष एकट्या बनुचा न्हाई."

ट्रे फिरला. आत्यापाशी आला. पाळकसाहेब पुढं येऊन हळूच म्हणाले, "बनुबाई, घ्या. देवानं क्षमा केली आहे."

"त्यानं केली आसंल," आत्या म्हणाली. "पर आदी रंगु." आणि तिनं ट्रे पुढं दिला.

आजारी माणसांना घरी जाऊन प्रभुभोजन द्यायची आमच्यात पद्धत आहे. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जेवणसुद्धा घेतलं नाही. लहान पेटीत भाकर, रसाची बाटली आणि प्याले भरले, स्वतःची गाडी काढली आणि आम्हाला म्हणाले, "बसा." पुढं तात्याबा, मागं आत्या आणि मी. दुपारी दोनला आम्ही मलकापूरला पोचलो.

तात्याबांनी दारातच हात जोडले. "रंगुबाई, सलाम. आमचं चुकलं."

रंगुबाईनं आत्याकडं बघितलं. "बोललीस?"

"बोलले."

रंगुबाईनं पदर डोक्यावर घेतला. मायानं खाटेपुढं स्टूल ठेवलं, पाळकसाहेबांनी त्यावर पांढरं कापड अंथरलं आणि प्रार्थना रंगुबाईंनीच करावी म्हणाले. अडतीस वर्षांत तिनं मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती, असं मायानं मला नंतर सांगितलं. पण प्रभूनं शिकवलेली प्रार्थना कुठं विसरते? ती म्हणू लागली. आवाज चिरका, पण एकही शब्द चुकला नाही.

आणि ती ओळ आली. आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. तिथं रंगुबाई थांबली.

आम्ही डोळे मिटून उभे होतो. मी उघडले. पाळकसाहेब पुढचा शब्द सुचवायला तोंड उघडत होते, तात्याबांनी त्यांचा दंड दाबला. ती विसरली नव्हती. तिला ते शब्द खोटे म्हणायचे नव्हते. मला वाटलं, आता रंगुबाई नाही म्हणेल, आणि नाही म्हटली तर तो तिचा हक्क आहे.

मग रंगुबाईनं ती ओळ म्हटली. एकदा मान खाली घालून, देवाला. आणि मान वर करून आत्याकडं बघत पुन्हा एकदा.

पाळकसाहेबांनी प्याले भरले. रंगुबाईनं आपला प्याला उचलला, दुसरा आत्याच्या हातात दिला आणि आत्याचं पिऊन होईपर्यंत तिचा हात खालून धरून ठेवला.