बद्द वाजणारी वीट

भोकरदनच्या रस्त्याला आमची वीटभट्टी होती. नव्वद सालाच्या आसपास आमच्या ह्यांच्या डोक्यात हलक्या विटेचं खूळ शिरलं. मातीत सरकीची टरफलं कालवायची; भट्टीत ती जळून जातात, विटेत बारीक छिद्रं राहतात आणि भिंत उन्हाळ्यात तापत नाही. टरफलं चाळायचं काम अर्थातच माझ्याकडे. दोन उन्हाळे मी चाळतच होते. केसांत, भाकरीत, अंथरुणात, जिथं तिथं टरफलं.

वीट खरंच चांगली निघाली. पण आमच्याकडचं गिऱ्हाईक वीट डोळ्यांनी बघत नाही, कानांनी घेतं. दोन विटा उचलून एकमेकींवर आपटायच्या; खणखण वाजल्या तर पक्क्या. आमची वीट बद्द वाजायची. "कच्ची राह्यली, मालक," म्हणत माणसं शेजारच्या भट्टीवर जायची. हे प्रत्येकाला छिद्रांचं समजावत बसायचे आणि मी प्रत्येकाला चहा करून द्यायचे.

शेवटी कुणीच घेईना, तेव्हा त्या विटांचं आम्ही आमचंच घर बांधलं. मंग काय, उन्हाळ्यात दुपारी अर्धी गल्ली आमच्या बैठकीत आडवी. "लय गार हाय बुवा तुमचं घर," म्हणायची आणि घोरायची. ऊन उतरलं की चहा पिऊन उठायची, चपला घालता घालता भिंतीवर टकटक करून कान लावायची आणि मलाच सांगायची, "वहिनी, वीट कच्चीच राह्यली बरं का. पुढच्या खेपेला बराबर भाजा."