‘संपलं’वरची हरकत

वस्तीने तिला ‘हरकतबाई’ हे नाव दिले, त्याला कारण होते. मात्र ते वस्तीला शोभणारे नव्हते. टेलिफोन एक्स्चेंजला कुलूप लागेपर्यंत ती तिथे ऑपरेटर होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणसे काय घोटाळे करतात, हे तिने आयुष्यभर कानाने पाहिले होते. पुरात मोबाइल मुके झाले तर हाताशी असावेत म्हणून वस्तीने वॉकीटॉकी घेतले, तेव्हा सगळ्यांचे निरोप घेऊन पुढे पोचवण्याचे काम साहजिकच तिच्याकडे आले. तिचे म्हणणे ऐकून घेणे मात्र कुणालाच साहजिक वाटले नाही.

वॉकीटॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे, आणि आपले बोलणे पुरे झाले की ‘ओव्हर’ म्हणायचे, अशी जगाची रीत. वस्तीच्या सेक्रेटरींना ती परकी वाटली. त्यांनी सभेत ‘ओव्हर’च्या जागी ‘संपलं’ हा शब्द सुचवला आणि टाळ्या मिळवल्या.

“माझी हरकत आहे,” ती उभी राहिली. “उद्या कुणी ‘पाणी संपलं’ म्हणालं, तर काय समजायचं? पाणी संपलं की बोलणं?”

“बाई, तुमच्या हरकती कधी संपायच्या तेवढं सांगा!” सेक्रेटरी म्हणाले.

सभा हसली, ठराव मंजूर झाला. सुशिक्षितांच्या सभेत हशा हाच युक्तिवाद धरला जातो.

मग पूर आला. वस्तीचा खालचा भाग पाण्यात गेला, वीज गेली, फोन गेले. तिची थोरली जाऊ त्याच भागात, पहिल्या मजल्यावर एकटी अडकली होती. हरकतबाई सकाळपासून खिडकी ते टेबल येरझाऱ्या घालत होती. बसली की उठावेसे वाटे, उठली की वॉकीटॉकीचा संच खरखरे. दुपारी जाऊबाईंचा आवाज आला.

“अगं, ऐकतेस ना? इन्सुलिन संपलं.”

“ऐकतेय, वहिनी. इन्सुलिनचं काय? संपलं.”

“हो, संपलं!”

“अहो, पण काय झालं ते तर सांगा! संपलं.”

“तेच तर घसा फोडून सांगतेय, सं...”

खरखर झाली आणि आवाज तुटला. बॅटरी गेली असावी. ती हाका मारत राहिली, संच कानाशी हलवून पाहिला, पुन्हा खिडकीशी गेली. आणि तिथेच तिला आठवले. सरावाच्या वेळी जाऊबाईंनी तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. “माझं बोलणं कधी थांबवायचं ते मी ठरवीन,” असे त्यांनी सेक्रेटरींना तोंडावर सुनावले होते. ज्या बाईचे बोलणे कधी संपत नसे, ती आज ‘संपलं’ म्हणाली होती. म्हणजे औषधच संपले होते. सगळ्या वस्तीला आधी बजावणारी तीच नेमकी फसली होती.

तिने वस्तीतल्या औषधवाल्याला हाक मारण्यासाठी बटण दाबले, पण वाहिनी अडली होती. ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ असे वाचून झाल्यावर सेक्रेटरी बटण सोडायलाच विसरले होते, आणि त्यांचा संसार घरोघर ऐकू येत होता. “गावाला शहाणपण शिकवताय, आधी गळतंय तिथे बादली लावा!” त्यांची बायको म्हणत होती.

हरकतबाई गॅलरीत धावली. “सेक्रेटरी! बटण सोडा! अहो, बटण!”

समोरच्या गॅलरीत येऊन त्यांनी दिलासा देण्यासाठी हात हलवला. संच त्याच मुठीत आवळलेला होता. शेवटी बायकोनेच तो हिसकावून घेतला.

“औषधवाले! इन्सुलिन आहे का? संपलं.”

“आहे, संपलं.”

“आहे की संपलं? एक काय ते सांगा!”

“आहे हो, आहे! बोलणं संपलं! बर्फाच्या डब्यात ठेवलंय.”

औषधवाला डबा डोक्यावर घेऊन, रस्त्याच्या कडेने बांधलेल्या दोराला धरून कमरेभर पाण्यातून निघाला. चौकातून बोलला, जिन्यातून बोलला. मग म्हणाला, “ठोठावतोय. दार उघडत नाहीत.” त्यानंतर बराच वेळ काही नाही. विचारावे, तर तो बोलत असताना आपणच आड येऊ, या भीतीने तिने बटणावरचा अंगठा उचलून घेतला.

“उघडलं! भिंत धरून उभ्या आहेत. ओकाऱ्या झाल्यात म्हणतात. सुई देतोय.”

ती खुर्चीत बसली आणि लगेच उठली. थोड्या वेळाने त्याच्याच संचावरून जाऊबाई बोलल्या. आवाज खोल गेला होता, धार शाबूत होती.

“इतकी वर्षं लोकांचे फोन जोडलेस ना गं? तीनदा सांगितलं तुला.”

“चुकलं माझं, वहिनी. जरा पडून राहा. पाणी उतरलं की येते मी.”

“पाणी नव्हतं तेव्हा तरी कुठे आलीस?”

वस्तीतल्या प्रत्येक संचातून हा प्रश्न घरोघर गेला. सेक्रेटरींनीही तो ऐकला असणार. तिने बटण दाबले.

“येते,” ती म्हणाली. एवढ्यात कुणीतरी प्यायच्या पाण्याची चौकशी करू लागले, आणि तिला त्यांना उत्तर द्यावे लागले.