हलव्याच्या बांगड्या

माझ्या मुलाचं आणि नणंदेच्या मुलीचं बोरन्हाण आम्ही एकत्रच केलं. दोघंही चार वर्षांची. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये अख्खा मजला जमला होता. हलव्याचे दागिने मीच ओवले होते. त्याला मुकुट आणि बासरी, तिला बिंदी आणि बांगड्या. असंच करतात.

आतल्या खोलीत दोघांना सजवून मी बोरं, चुरमुरे, गोळ्या ताटात मिसळायला गेले. तेवढ्यात त्यांनी आपापसात अदलाबदल उरकली. ती मुकुट घालून बाहेर आली आणि मागोमाग तो, बांगड्यांचे हात सगळ्यांना दिसतील असे वर धरून.

तिचं कौतुक झालं. "झकास! वाघीण आहे वाघीण!" शेजारच्या काकूंनी तिची दृष्टसुद्धा काढली. मग त्याच्याकडे बघून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"वहिनी, अगं ह्याला काय मुलगी करून आणलंस?" नणंद म्हणाली.

त्याचे हात अजून वरच होते, हसू मात्र अर्धं झालं होतं.

"काढ ते," नवरा त्याला म्हणाला.

"राहू दे रे. साखरच आहे ना ती?"

"सगळे मोबाईल काढून बसलेत यार. फॅमिली ग्रुपवर वाट लागेल त्याची."

"त्याची की तुझी?"

सासूबाईंनी माझ्यावर डोळे वटारले. मुलाने हात पाठीमागे लपवले. नवऱ्याने मनगट धरून पुढे ओढलं तसा दोरा तुटला आणि हलवा तडतडत फरशीभर सांडला. पोर रडलंसुद्धा नाही. रडलं असतं तर बरं झालं असतं. मला नवऱ्याचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.

सासूबाईंनी माझ्या भाचीच्या डोक्यावरचा मुकुट काढून त्याला घातला. तिने भोकाड पसरलं. घाईघाईत औक्षण झालं, ताट दोघांच्या डोक्यावर रिकामं झालं आणि खाऊ वेचायला पोरांची झुंबड उडाली. तो पाटावर बसूनच राहिला. शेवटी मांडीत पडलेली एक गुलाबी गोळी त्याने उचलली. एरवी थेट तोंडात टाकतो. आज ती मुठीत धरून बापापाशी गेला.

"बाबा, ही बॉइजची आहे ना?"

"खा रे राजा, त्यात काय विचारायचं?" नवऱ्याचा आवाज एकदम उतरला होता.

मुलगा तरीही थांबला. बसलेल्या एकेकाच्या चेहऱ्याकडे त्याने बघून घेतलं, आणि गोळी ताटात परत ठेवली.