उपाशी उंदीर आणि दशरथभाई

चहाचा कप हातात आला की दशरथभाई आधी तो हुंगत. बिनसाखरेचा म्हणून दिलाय खरा, पण देणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? लोणखेड्याच्या फार्मसी कॉलेजात ते माझे गाइड होते. तापीकाठच्या गुजर घरातला हा माणूस वजनकाट्याचीही रोज आधी परीक्षा घेई. कोणी आनंदाची बातमी आणली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चांगलं व्हयनं. पन कसं व्हयनं?" असा राग यायचा मला!

माझं संशोधन उंदरांवर होतं. साखरेचं पाणी आणि डालडा देऊन लठ्ठ केलेले उंदीर. पोटावर चरबी, रक्तात साखर, चढलेला रक्तदाब. या सगळ्याला मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अंगातल्या बारीक सुजेमुळे हे बळावतं, तर सूज उतरवणारं औषध देऊन बघू, अशी कल्पना. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना नाही. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी रक्त तपासलं, तर औषधवाल्यांची साखर झकास उतरलेली. मी हवेतच. सासरच्यांनी पीएचडी संपवायला तेवढं एकच वर्ष दिलं होतं, नंतर घर सांभाळायचं.

दशरथभाई या निकालांवर सही करेनात. आकडे मीच सजवले असावेत, असा त्यांना संशय. हे माझं श्रेय लाटणार, असा मला. शेवटी रडकुंडीला येऊन मी विचारलं, सर, मधुमेह तुम्हाला, सुजलेले गुडघे तुमचे, मग हे औषध लागू पडायला नकोय का तुम्हाला?

"माले पाह्यजे व्हतं तेच निंघनं," ते म्हणाले, "म्हनीसन माले शंका शे."

पुढच्या तपासणीला ते पहाटेच येऊन पिंजरे हुंगू लागले. औषध न मिळालेल्यांच्या पिंजऱ्यांना केळ्याचा वास! पिंजरे सांभाळणाऱ्या विठाबाईंना विचारलं, तर त्या न बिचकता म्हणाल्या, "उपासले केळं चालस ना, सर." औषधावर मात्र वरून काही खायला द्यायचं नसतं, म्हणून औषधवाल्यांना त्यांनी कडक उपाशी ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावला. दशरथभाई पोट धरून हसले. विठाबाईंना ते रागाचा एक शब्द बोलले नाहीत.

केळी बंद करून सगळं पुन्हा केलं. दोन्ही गटांत फरक उरला नाही. सासरी भांडून मी आणखी मुदत मिळवली आणि औषधाचा उपयोग नाही, असाच प्रबंध लिहिला. त्यावर त्यांनी लगेच सही केली.

गेल्या वर्षी त्यांच्या किडन्या थकल्या. शहाद्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांचा मुलगा रिपोर्ट घेऊन धावत आला. साखर अगदी नॉर्मल आली होती. घरचे सगळे हरखले. दशरथभाईंनी मात्र माझ्याकडेच पाहिलं.

"चांगली उनी. पन कशी उनी?"

कित्येक दिवस त्यांच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"औषधानं, सर," मी म्हणाले.

त्यांच्याशी मी बोललेलं ते एकच खोटं. त्यांनी मान डोलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही.