वेगळ्या जातीचा लॅपटॉप

रिपेरिंगच्या दुकानाचं एक असतं. वस्तू गिऱ्हाइकं घेऊन जातात, किस्से मात्र तिथंच साठत राहतात. शहापूरला एसटी स्टँडमागे माझ्या मित्राचं, दिलीपचं कॉम्प्युटर रिपेरिंग होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी मुरबाडहून शहापूरला गेलो की माझे पाय तिकडेच वळतात!

\*

किन्हवलीच्या मंदावहिनींचा नवरा अनंता आखातात वेल्डर. रजा पुन्हा पुढं ढकलली गेली, तेव्हा त्यानं गावाकडे येणाऱ्या एकाबरोबर इवलासा लॅपटॉप धाडला. वर कॅमेरा. 'यात आपण एकमेकांना बघू' असा निरोप. चालू केला तर सगळी अक्षरं चिनी!

दिलीपनं विंडोज घालून पाहिलं. घेईचना. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे."

"जातीचं काय घेऊन बसलाव दिलीपभाऊ? चालू करा म्हंजे झालं!"

\*

त्या प्रोसेसरवर चालेल अशी एकच सिस्टीम नेटवर सापडली, लिनक्स. तीही मोबाइलसाठी बनवलेली. डाउनलोड मॉडेम लावून फोनच्या लाइनवरून, आणि त्याच लाइनवर वरच्या मजल्यावर दिलीपची आई. डाउनलोड निम्म्यावर आलं की तिला खर्डीच्या बहिणीची आठवण यायची, ती फोन उचलायची आणि डाउनलोड तुटायचं.

"आई, फोन ठेव!"

"ठेवते रे! पण आत कोण शिट्ट्या मारतंय ते बघ आधी!"

\*

सिस्टीम चढेना म्हणून दिलीपनं ती बनवणाऱ्या परदेशी माणसालाच मेल केली. उत्तर आलं, "हे शहापूर नेमकं कुठं आलं?"

दिलीपनं लगेच कळवलं, "कसाऱ्याच्या अलीकडे."

तेवढ्यावर त्या भल्या माणसानं फाइल दुरुस्त करून पाठवली!

\*

अखेर स्क्रीन उजळला. पण चित्र आडवं! आम्ही सगळे माना वाकड्या करून बघतोय.

दिलीप म्हणाला, "मोबाइलची सिस्टीम ना, तिला वाटतंय हा फोनच आहे."

"मग लावा ना ह्यांना!" वहिनी म्हणाल्या.

हसायला तोंड उघडलं होतं आम्ही. तसंच मिटलं.

\*

स्क्रीन सरळ झाला, आवाज आला. कॅमेरा तेवढा काही केल्या चालेना. दिलीपनं दुकानातला कॉम्प्युटर पुढे केला.

"नको. ह्यांनी धाडलाय त्याच्यावरच बोलेन."

वहिनी अबोलीचा गजरा माळून आल्या होत्या. रिंग गेली आणि स्क्रीनवर अनंता आला. वाळलेला, दाढी वाढलेली. वहिनींनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मंदा? अगो, तू दिसत नायस. नुसता काळोख हाय. मशीन बिघडलं का काय?"

दिलीप सांगायला पुढं झाला. वहिनींनी हातानं त्याला थांबवलं.

"मशीन झ्याक हाय. इथली लाइट गेलीय. तुमी बोला, मला दिसताय तुमी."

डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख जळत होती.

दिलीप उठला, आणि त्यानं बटण बंद केलं.