धुरपताबाईंची साक्ष

धुरपताबाई आमच्या उमरखेडच्या वाचनालयात दर शनिवारी येतात. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळून निवृत्त झाल्या आणि मग त्यांना रहस्यकथांचं वेड लागलं. खून, चोऱ्या, गुप्तहेर हे कपाट संपलं तशा त्या कोर्टाच्या भाषांतरित कादंबऱ्यांकडे वळल्या. जाडजूड पुस्तक तीन दिवसांत संपवायच्या. "गुन्हेगार तं मले सत्तराव्या पानावरच समजला," असं म्हणून नावही सांगून टाकायच्या. म्हणून काउंटरवर इतर वाचक असले की मी त्यांना बोलूच देत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरासमोरच्या वळणावर शेजारच्या विमलताईंना एका पिकअपनं धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. धुरपताबाई तेव्हा ओट्यावर तूर पाखडत होत्या. पोलिसांनी त्यांचाही जबाब घेतला, आणि गेल्या वर्षी कोर्टाचं समन्स आलं. ते घेऊन त्या आधी माझ्याकडेच आल्या. चेहरा खुलला होता.

"आतापावतर वाचलं भाऊ, आता पाहीन."

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या वेळी आरोपीचा वकील आला नाही. तिसऱ्या वेळी तीन तास बाकावर बसून त्या पुढची तारीख घेऊन परतल्या.

चौथ्या खेपेला नाव पुकारलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "गाडी भरधाव येताना तुम्ही पाहिली ना?"

"नाही जी. मी मान खाली घालून पाखडत होती. आवाज आला तवा वर पाह्यलं. विमल नालीच्या काठाले पडली होती, अन् गाडी उभी होती."

"जबाबात तर वेगात होती म्हणालात."

"वेगात असंल म्हटलं होतं. पाह्यली असं नाही म्हटलं."

वकिलांनी न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं. धुरपताबाईंना तो शब्द चांगला माहीत होता. त्यांच्या कादंबऱ्यांत फितूर साक्षीदार विकला गेलेला तरी असे, नाहीतर घाबरलेला.

बाहेर विमलताई कुबडी टेकून उभ्या होत्या. "काय घेतलं वं त्याच्याकडून?" एवढंच म्हणाल्या आणि लेकीचा, अर्पिताचा हात धरून निघून गेल्या.

मग दोन महिने धुरपताबाई वाचनालयात फिरकल्या नाहीत. शेवटी मीच घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला.

"एका शब्दाचा तं सवाल होता," त्या म्हणाल्या. "पाह्यली म्हटलं असतं तं विमल खुश झाली असती. पण नाही पाह्यली तं कसं म्हणू?"

चहा पिऊन मी उठलो.

मार्चमध्ये निकाल लागला. वळणावरच्या चहावाल्या भीमसिंगनं धडक डोळ्यांनी पाहिली होती. त्याची साक्ष टिकली, ड्रायव्हर दोषी ठरला. विमलताई रस्त्याच्या मधून चालत होत्या, असं ड्रायव्हरच्या वकिलाचं म्हणणं होतं. ते न्यायाधीशांनी मानलं नाही. त्यासाठी त्यांनी धुरपताबाईंचं एक वाक्य घेतलं होतं, बाई नालीच्या काठाला पडल्याचं. फितूर ठरवलेल्या साक्षीतलाही पटणारा भाग कोर्टाला घेता येतो. अर्पितानं निकालाची नक्कल आणली आणि तेवढं पान आईला दोनदा वाचून दाखवलं.

पुढं काय झालं ते धुरपताबाईंनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. कोर्टाचं नाव नाही, माफी नाही.

"कढी केली वं. आणू का?"

"आण," धुरपताबाई म्हणाल्या, आणि त्यांना टेकायला खुर्ची पुढं सरकवली.